कमी पैशांत परसातला स्मोकर: सोलापुरात काय घ्यावं, काय करून घ्यावं

व्हिडिओ बघून स्मोकर, म्हणजे मांस धुरावर सावकाश शिजवायचं उपकरण, घ्यायची हौस येते. ऑनलाइन शोधायला बसलं की दोनच प्रकार समोर येतात: किंमत बघून मोबाइल खाली ठेवावा असे परदेशी, आणि परवडतात पण लवकरच वाकतात असे पातळ पत्र्याचे. मधलं काही सापडत नाही. ते मधलं सोलापुरात करून मिळतं. मात्र काय मागायचं हे आपल्याला नीट सांगता आलं नाही, तर वेल्डर त्याच्या सवयीचं काम करून देतो: खिडकीच्या ग्रिलसारखं, आतून-बाहेरून रेड ऑक्साइड मारलेलं. म्हणून हा लेख.

आधी हे उपकरण करतं काय ते बघू. तंदुरात आच तीन-चारशे अंशांच्या घरात असते आणि कोंबडी पंधरा-वीस मिनिटांत निघते. स्मोकरमध्ये हवा १०५ ते १३५ अंश सेल्सिअसवर तासन्‌तास धरून ठेवायची असते आणि लाकडाचा विरळ धूर मांसावरून वाहता ठेवायचा असतो. त्यामुळे कुठलाही स्मोकर बघताना एकच प्रश्न विचारा: आगीला किती हवा द्यायची हे माझ्या हातात आहे का? झाकण चहूबाजूंनी गळत असेल तर नाही. रंग, चाकं, बाजूची फळी हे सगळं त्यानंतर.

१. पैसे काढण्याआधी धूर आवडतो का ते बघा

घरातल्या सगळ्यांना धुरकट चव रुचतेच असं नाही. वरणाला किंवा मटणाला निखाऱ्यावर तूप सोडून दिलेला धुंगार वेगळा आणि चार तास धुरात राहिलेलं मटण वेगळं. जुनी लोखंडी कढई घ्या (नॉनस्टिक अजिबात नको). तळाला फॉइल अंथरून त्यावर आंब्याच्या किंवा पेरूच्या लाकडाचा मूठभर भुगा टाका. वर जाळी ठेवा, जाळीवर अर्धवट शिजवलेले चिकनचे तुकडे. झाकण ठेवून कडा कणकेने बंद करा आणि मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. हे अंगणात करा. स्वयंपाकघरात केलंत तर पडदे आठवडाभर बोलतील. नंतर चिकन पूर्ण शिजवून घ्या आणि घरच्यांना वाढा. एकाच माणसाला आवडलं तर ड्रमच्या फंदात पडू नका, ही कढईच तुमचा स्मोकर.

२. जागा आणि शेजार

बंद पार्किंग, पत्र्याची शेड, बाल्कनी, जिन्याखालची जागा यांपैकी कुठेही हे चालणार नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत बऱ्याचदा काही कळत नाही. थंडीत शेकायला म्हणून विझता स्मोकर खोलीत आणणं तर जिवावरचंच.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत ज्यांना स्वतःचं अंगण आहे त्यांची अडचण नाही. भिंत, विजेची वायर, वाळत घातलेले कपडे आणि प्लॅस्टिकची टाकी यांच्यापासून निदान दहा फूट अंतर ठेवा. पेठेतल्या वाड्यात किंवा गच्चीवर करणार असाल तर ड्रमखाली विटांचा थर देऊन त्यावर जाड फरशी टाका, नाहीतर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला उष्णतेने भेगा पडतात आणि पावसाळ्यात घरमालक हिशेब मागतो. भाड्याचं घर असेल तर त्याची परवानगी आधीच घ्या, मोबाइलवरच्या मेसेजमध्ये का होईना, लेखी.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर आपल्या गावात शाकाहारी घरं भरपूर. एकादशी, संकष्टी, श्रावण बघून बेत आखा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा. धूर कमी करायचा उपाय सहाव्या पायरीत आहे. तो जमला तर तक्रारी निम्म्याने कमी होतात.

३. प्रकार कोणता

मातीचा रांजण किंवा मोठ्या कुंड्या. सगळ्यात स्वस्त. दोन मोठ्या कुंड्या तोंडाला तोंड लावून ठेवायच्या, खालच्या कुंडीच्या भोकातून हवा, वरच्या कुंडीच्या भोकातून धूर. माती उष्णता छान धरते, महागडे सिरॅमिक स्मोकरही याच तत्त्वावर चालतात. कुंडी बिनरंगाची, बिनझिलईची घ्या. ती ओली असताना किंवा एकदम मोठ्या आगीने तडकते, म्हणून पहिली दोन-तीन वेळा नुसता थोडा निखारा ठेवून तापवा. एका कोंबडीपुरतं किंवा तीन-चार चिलापी माशांपुरतं काम होतं, त्याहून जास्त नाही.

तेलाचा १५ किलोचा डबा. चार वेळा वापरून फेकायला ठीक. त्याला कथिलाचा मुलामा असतो आणि कथिल २३२ अंशांना वितळतं. निखारा थेट डब्याच्या तळावर ठेवला की मुलामा गेलाच. शिकायला वापरा, त्यावर वेल्डिंगचे पैसे घालू नका.

केटल ग्रिल. गोल, खोल, घट्ट झाकणाची आणि वर-खाली दोन्हीकडे हवेच्या झडपा असलेली शेगडी. तयार वस्तूच घ्यायची असेल तर माझं मत हिलाच. कोळसा एका कडेला लावून मांस दुसऱ्या कडेला ठेवलं की उत्तम स्मोकर होतो. पण बाजारात ‘बार्बेक्यू’ म्हणून मिळणारी उघडी चौकोनी ट्रे म्हणजे केटल नव्हे. झाकण आणि खालची झडप नसेल तर पुढे जा.

इलेक्ट्रिक आणि पेलेट स्मोकर. अमेरिकेहून नातेवाईक आणून देतो म्हणाला तरी थांबा. तिकडचं यंत्र १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३० व्होल्ट, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मर आला. पेलेट म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्या; पेलेट स्मोकरमध्ये मोटर आणि पंखा लागतो, लाइट गेली की काम थांबतं. शिवाय त्याचं इंधन. आपल्याकडे बॉयलरसाठी ज्या बायोमास पेलेट मिळतात त्यात भुसा, शेंगांची टरफलं, कधी प्लायवूडचा चुरा असं काहीही असू शकतं. त्या खाण्याच्या धुरासाठी नाहीत.

ऑफसेट. व्हिडिओत दिसतो तो, बाजूला आगीची पेटी आणि आडवं पिंप. दिसायला राजेशाही आणि नवख्याचे पैसे सगळ्यात जास्त इथेच बुडतात. आग एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला असल्यामुळे पत्रा जाड असेल तरच उष्णता टिकते. हिशेब करून बघा: १ चौरस मीटर लोखंडी पत्रा १ मिलिमीटर जाड असेल तर ७.८५ किलो भरतो. ५० सेंटिमीटर व्यासाचं, मीटरभर लांब पिंप आणि ४० सेंटिमीटरची चौकोनी पेटी मिळून जवळजवळ २.९ चौरस मीटर पत्रा लागतो. ६ मिलिमीटरमध्ये ते वजन १३५ किलोच्या वर जातं, ३ मिलिमीटरमध्ये ७० किलोच्या आसपास. स्वस्तातले ऑफसेट एक-सव्वा मिलिमीटर पत्र्याचे, म्हणजे सगळे मिळून २५-३० किलो. असा ऑफसेट वाऱ्याची झुळूक आली की थंड होतो, फाटा टाकला की भडकतो आणि दिवसभर तुम्हाला खुर्चीतून उठवत राहतो.

लोखंडाचा भाव हलता असतो म्हणून मी इथे रुपये न लिहिता वजन लिहितोय. त्या दिवसाचा मजुरीसह किलोचा दर विचारा आणि गुणा. घासाघीस करताना याचा फार उपयोग होतो.

ड्रम. माझी शिफारस हीच. २०० लिटरचा उभा लोखंडी ड्रम, तळाला कोळशाची टोपली, वर जाळी, वर झाकण. पूर्ण ड्रमचं वजन १६ ते २० किलो, पत्रा पातळच. मग ऑफसेटला जे चालत नाही ते इथे कसं चालतं? कारण आग मांसाच्या थेट खाली आहे, उष्णतेला आडवा प्रवास नाही, आणि हवा फक्त तुम्ही पाडलेल्या तीन-चार भोकांतून येते. चार-पाच किलो कोळशात अर्धा दिवस निघतो.

आकाराची काळजी करू नका. परदेशी व्हिडिओत पाच-सहा किलोचा ब्रिस्केट, म्हणजे छातीचा तुकडा, दिसतो, तो गोमांसाचा. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. आपलं मांस म्हणजे बोकडाची दीड-दोन किलोची रान (मागची अख्खी तंगडी), खांदा, कोंबडी आणि उजनीचा मासा. एका ड्रमच्या जाळीवर दोन रानी आणि दोन कोंबड्या आरामात बसतात. आखाडात सगळी गँग आली तरी पुरतं.

४. ड्रम घेताना: इथे चुकाल तर सगळं फुकट

सोलापूर कापडाचं गाव. रंगाई, प्रोसेसिंग, केमिकल यांचे रिकामे ड्रम भंगारात ढिगाने असतात आणि विकणारा ‘धुऊन घ्या, काही होत नाही’ असं सांगतो. होतं. रंग, सॉल्व्हंट, कीटकनाशक किंवा कसलंही रसायन ज्यात होतं तो ड्रम फुकट मिळाला तरी नको. आत काय होतं ते सांगता येत नसेल, लेबल खरवडलेलं असेल, तरी नको.

मागायचा तो ‘ओपन टॉप’ ड्रम, म्हणजे पूर्ण झाकण निघतं आणि कडेने क्लॅम्पची रिंग बसते. आंब्याचा पल्प किंवा टोमॅटो पेस्ट अशा ड्रममध्ये येते, तीही आतल्या वेगळ्या पिशवीत, त्यामुळे पत्रा स्वच्छ असतो. कोरा ड्रम मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या आणि विषय संपवा.

बंद तोंडाचा, फक्त दोन बूच असलेला ड्रम घेऊन ग्राइंडरने कापायचा विचार डोक्यातून काढून टाका. आत ज्वलनशील पदार्थाची वाफ शिल्लक असली तर एका ठिणगीने ड्रम फुटतो. वेल्डर लोकांचे जीव यात गेले आहेत.

आतून बघा. करडा उघडा पत्रा असेल तर छान. पिवळसर किंवा तांबूस चकाकी असेल तर ते अस्तर आहे. खाण्याच्या पदार्थांच्या ड्रमलाही ते असतं. ते काढायचं तर शेतात, मोकळ्यावर, ड्रमच्या तळाला भोकं पाडून आत मोठी लाकडाची आग करायची आणि अस्तर जळून राख होऊ द्यायचं. वारा पाठीवर घेऊन लांब उभे राहा, तो धूर वाईट असतो. मग वायर ब्रशने उघडा पत्रा दिसेपर्यंत घासायचं. एवढं करायचं नसेल तर अस्तर नसलेलाच शोधा.

जस्ताचा पत्रा, म्हणजे जीआय, आगीजवळ कुठेही नको. बादली, पिंप, जाळी, काहीही. खूप तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि त्याने थंडी वाजून ताप येतो, हे कुठलाही जुना वेल्डर सांगेल.

५. फॅब्रिकेटरला काय सांगायचं

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला किंवा तुमच्याच भागात गेट-ग्रिल करणारा कुणीही हे काम एका दिवसात करतो. कागदावर चित्र काढून न्या. तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत बदलतं. सोबत मोजपट्टी आणि हा मजकूर:

– तळापासून दोन इंचांवर, ड्रमभोवती सारख्या अंतरावर, पाऊण इंची चार भोकं. तिघांना घट्ट बसणारी बुचं किंवा सरकती पट्टी, चौथ्याला पाइपचा तुकडा आणि बॉल व्हॉल्व्ह. पाइप काळा एमएसचा (साध्या लोखंडाचा), जीआयचा नको.
– झाकणाला मध्याभोवती गोलात अर्ध्या इंचाची आठ भोकं किंवा एकच दोन इंची भोक, त्यावर सरकतं झाकण.
– कोळशाची टोपली: जाड एक्सपांडेड जाळीची, पंधरा इंच व्यास, आठ इंच उंच, खाली तीन इंचांचे पाय. राख खाली पडली पाहिजे. पाय नसतील तर राख साचून आग गुदमरते.
– टोपलीखाली राखेची ताटली, उचलता येईल अशी.
– मांसाची जाळी कोळशाच्या टोपलीच्या तळापासून साधारण दोन फूट वर. ड्रमच्या आत चार बोल्ट, त्यांवर जाळी टेकेल. त्याच्या सहा इंच खाली आणखी चार बोल्ट, पाण्याच्या परातीसाठी.
– मांसाची जाळी स्टीलची, ३०४ ग्रेड, बिलावर ग्रेड लिहून. लोहचुंबक लावून बघायचा सल्ला सगळे देतात, पण स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक धड चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेवर विसंबू नका.
– ड्रमला दोन बाजूंना हँडल, झाकणाला लाकडी मूठ.
– आतून रंग नाही. प्राइमर नाही. रेड ऑक्साइड नाही. हे तीनदा सांगा, आणि काम चालू असताना एकदा जाऊन बघून या. बाहेरून उष्णता सोसणारा काळा रंग चालेल.

झाकणातून फार गळत असेल तर काही जण दोरी चिकटवतात. हार्डवेअरच्या दुकानात अजून अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी मिळते, ती घेऊ नका, तिचे तंतू फुप्फुसात जातात. ग्लास फायबरची मागा. खरं तर क्लॅम्पची रिंग असलेल्या ड्रमला दोरीची गरज पडत नाही.

गेजमध्ये बोलणं चाललं तर लक्षात ठेवा: आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आत-बाहेर, १४ गेज म्हणजे दोन मिलिमीटर. बिलावर जाडी आणि वजन दोन्ही लिहून घ्या, काट्यावर वजन तुमच्यासमोर होऊ द्या.

६. कोळसा आणि लाकूड: सोलापूरकरांचं नशीब इथे जोरावर आहे

कोळसा लाकडीच. वखारीत किंवा कोळशाच्या दुकानात ‘इस्त्रीचा लाकडी कोळसा’ म्हटलं की समजतं. मोठे खडे निवडून घ्या, चुरा नको. दगडी कोळसा भट्टीसाठी आहे. त्याच्या धुरात गंधक असतं, तो मांसाखाली चालत नाही. पेटवायला रॉकेल किंवा पेट्रोल नको, वास मांसात उतरतो. दोन्ही बाजूंनी उघड्या पत्र्याच्या डब्यात खाली वर्तमानपत्र, वर कोळसा, आणि काडी लावा. पंधरा मिनिटांत कोळसा लाल होतो.

आता लाकूड. टेक्सासची माणसं ज्या मेस्कीटच्या धुराचं इतकं कौतुक करतात त्याचाच भाऊबंद आपल्या माळावर, ओढ्याकाठी, पडीक रानात माजलेला आहे: वेडी बाभूळ. दोन्ही एकाच कुळातल्या, आपली मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडून आलेली. आपण जो लाकडी कोळसा विकत घेतो तोही बऱ्याचदा तिचाच असतो. धूर उग्र असतो, म्हणून मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. जास्त टाकलेत तर मटण कडू लागेल.

सौम्य हवं असेल तर पेरू, आंबा, जांभूळ, बोर. मटणाला चिंचेचं लाकूड मला सगळ्यात आवडतं, जळायला जड आणि धूर गोडसर. सांगोला-पंढरपूर भागात डाळिंबाच्या छाटणीची लाकडं आणि नान्नजकडे द्राक्षाच्या वेलींची खोडं मागितली तर शेतकरी नाही म्हणत नाहीत. पण या दोन्ही पिकांवर फवारणी भरपूर असते. नुकत्याच फवारलेल्या बागेतली बारीक काटकी घेऊ नका. मनगटाएवढी जाड खोडं घ्या, साल पूर्ण तासा आणि सहा महिने वाळू द्या. आपल्या हवेत लाकूड लवकर वाळतं, तेवढा एक फायदा.

काय जाळायचं नाही ते नीट वाचा. कण्हेर, कारण ती विषारी आहे. कडुलिंब, कारण चव कडवट होते. निलगिरी, सागवान, घाणेरी. प्लायवूड, एमडीएफ, रंग दिलेलं फर्निचर. सॉ मिलचा मिसळ भुसा, त्यात काय आहे ते मिलवाल्यालाही माहीत नसतं. सोलापूर रेल्वेचं विभागीय ठाणं असल्यामुळे रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर कुठे ना कुठे निघतात, वाळलेले आणि जड. ते क्रिओसोट या डांबरी तेलात मुरवलेले असतात, आगीजवळही नेऊ नका. जुन्या हातमागाच्या-यंत्रमागाच्या लाकडांचं तसंच: वर्षानुवर्षं वंगण प्यायलेली असतात.

लाकूड पाण्यात भिजवून टाकायची पद्धत व्हिडिओत दिसते. त्याने फक्त वाफ होते आणि आग मंदावते. कोरडं लाकूड, थोडं, आणि आगीला पुरेशी हवा. धूर दाट पांढरा निघत असेल तर लाकूड नीट जळत नाहीये, तो धूर मांसावर कडू थर चढवतो आणि शेजाऱ्यांनाही तोच झोंबतो. झाकणाच्या भोकांतून निळसर, जेमतेम दिसेल इतका धूर यायला हवा. पांढरा दिसला तर मांस ठेवू नका, खालचं एक बूच उघडून वाट बघा. झाकणाची भोकं मात्र मांस शिजेपर्यंत कायम पूर्ण उघडी. आच कमी-जास्त करायची ती खालच्या भोकांनी.

७. थर्मामीटर: यावर काटकसर नको

झाकणावरचं गोल घड्याळ शोभेला असू द्या. ते झाकणाजवळची हवा मोजतं, मांसाजवळची नाही, आणि स्वस्तातलं असेल तर वीस अंशांनी खोटं बोलतं. एक खुपसायचा डिजिटल थर्मामीटर घ्याच, आणि जमलं तर तारेचा दुसरा, जाळीजवळ लटकवायला. बजेट तुटपुंजं असेल तर चाकं आणि रंग रद्द करा, हा नको.

घरी आणल्यावर तपासा. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात १०० नाही: सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, इथे पाणी ९८.५ अंशांच्या आसपास उकळतं.

८. पहिली आग रिकामी

नवीन ड्रममध्ये लगेच मटण लटकवू नका. आतून सगळीकडे शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलाचा पातळ हात फिरवा, कोळसा पेटवा, दोन लाकडाचे तुकडे टाका आणि दोन-तीन तास १५० अंशांच्या आसपास चालू द्या. कटिंगचं तेल, वेल्डिंगची घाण जळून जाते आणि आत काळा थर धरतो, तोच पुढे गंज थांबवतो. याच वेळी शिका की एक भोक बंद केल्यावर तापमान किती वेळाने उतरतं. ड्रमला प्रतिसाद द्यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. नवखा माणूस दर दोन मिनिटांनी बूच काढतो-लावतो आणि मग आग त्याच्या मागे लागते. मांस शिजवायच्या दिवशी तापमान चढताना १०० च्या पुढे गेलं की खालची भोकं बंद करायला लागा. एकदा १७० वर गेलेला ड्रम खाली आणणं कठीण.

मे महिन्यात उन्हात ठेवलेला ड्रम आधीच तापलेला असतो, तेव्हा कोळसा कमी पेटवा किंवा सरळ पहाटे सुरू करा. जून-जुलैत वारा पश्चिमेकडून जोरात असतो. बॉल व्हॉल्व्हचं तोंड वाऱ्याकडे असेल तर भात्यासारखी हवा आत जाते, ते तोंड पूर्वेला फिरवा. शिकायला उत्तम काळ हुरड्याचा, डिसेंबर-जानेवारी.

९. पहिलं मांस

रान नको, चिकनच्या तंगड्या. ब्रॉयलरच्या, कातडीसकट. दुकानदार सवयीने कातडी ओढून काढतो, आधी सांगा. गावरान कोंबडी रश्श्याची, स्मोकरात ती चिवट होते. १३५ अंशांना दीड तास धरा, पण घड्याळापेक्षा थर्मामीटर खरा: हाडाजवळ सगळ्यात जाड भागात किमान ७४ अंश, तंगडीला ८० च्या वर गेलं तर अधिक मऊ.

मग मटण. खाटकाकडे पोचल्या पोचल्या ‘अख्खी रान, तुकडे नको’ म्हणा, कारण आपल्याकडे सुरा हातात असताना तोंड उघडायला उशीर झाला की संपलं. उस्मानाबादी बोकड चविष्ट पण चरबी कमी. म्हणून दही, आलं-लसूण, मीठ, काळा मसाला लावून रात्रभर फ्रिजमध्ये, आणि ड्रममध्ये जाळीखाली पाण्याची परात. पाण्यामुळे आच स्थिर राहते आणि मांस करपत नाही. १२० अंशांना तीन तास धूर, नंतर फॉइलमध्ये गुंडाळून आतून ९०-९५ अंश होईपर्यंत. एकूण पाच-सहा तास धरून चाला. मधेच ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान काटा तासभर हलत नाही. थर्मामीटर बिघडलेला नसतो. मांसातलं पाणी बाष्प होऊन त्याला गार करत असतं. त्या वेळी घाबरून कोळसा ओतू नका, फॉइल गुंडाळा.

उजनीची चिलापी किंवा रोहू मीठ-हळद लावून, पुसून कोरडी करून, १०० अंशांवर दीड तासाच्या आसपास. आतून ६३ अंश. कडक भाकरीबरोबर चुरून, वर शेंगाची चटणी.

एक गोष्ट करूच नका: कोल्ड स्मोकिंग. त्यात मांस तीस अंशांच्या खाली तासन्‌तास ठेवतात. आपल्याकडे सावलीतच तेवढं असतं आणि ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. त्यासाठी वापरतात ते नायट्राइटचं गुलाबी मीठ मोजून घालायचं असतं, आणि आपलं सैंधव म्हणजे ते नव्हे. गरम धुरालाही नियम तोच: मांस फ्रिजमधून थेट ड्रममध्ये, उरलेलं दोन तासांत परत फ्रिजमध्ये, उन्हाळ्यात तासाभरात.

१०. झाल्यावर

सगळी भोकं, खालची आणि वरची, बंद करा. हवा संपली की कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी चालतो. पाणी ओतू नका, ओली राख पत्रा खाते. राख दुसऱ्या दिवशी लोखंडी बादलीत काढा. गार दिसणाऱ्या राखेत आठ-दहा तासांनीही निखारा असतो, म्हणून प्लॅस्टिकच्या कचरापेटीत किंवा घंटागाडीत लगेच टाकू नका. जाळी तापलेली असतानाच कांद्याच्या अर्ध्या फोडीने घासली की साबण लागत नाही. तारेच्या ब्रशचे केस तुटून जाळीवर राहतात आणि घासाबरोबर पोटात जातात, तो ब्रश फक्त ड्रमच्या भिंतींसाठी ठेवा.

पावसाळ्यात ड्रम आतून तेलाचा हात फिरवून, विटांवर उपडा ठेवा. बरेच दिवसांनी उघडल्यावर आत बुरशी दिसली तर खरवडून काढा, मोठी रिकामी आग करा, पुन्हा तेल लावा आणि मगच खाटकाकडे जा.